गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका)

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका (जन्म : सातारा, १८२८, मृत्यू : पुणे, २५ जुलै १८८०) हे एकोणिसाव्या शतकातील पुण्याचे वकील, समाजकार्यकर्ते, स्वदेशीचे आद्य प्रचारक आणि पुणे सार्वजनिक सभेचे प्रमुख संस्थापक होते. पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या स्थानिक तक्रारीतून १८७० मध्ये उभी राहिलेली ही सभा पुढील दहा वर्षांत दख्खनमधील रयतेची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी महत्त्वाची संस्था बनली. लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने लोकांचे लेखी अधिकारपत्र आणले पाहिजे, हा सभेच्या घटनेतील नियम तिचे वैशिष्ट्य मानला जातो. सभेच्या कामाला वाहून घेतल्यामुळे जोशी यांना लोक सार्वजनिक काका म्हणू लागले व पुढे तेच नाव रूढ झाले.

सभेच्या त्रैमासिकात शेती व अर्थकारण या विषयांवर लेख लिहिणारे रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी (१८५१–१९११) ही निराळी व्यक्ती होय. दोघांच्या नावांत साम्य असल्याने काही वेळा त्यांची गल्लत केली जाते.

पार्श्वभूमी

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुणे राजधानीचे शहर राहिले नाही. दरबार, फौज आणि सरदारांचे वाडे यांच्यावर पोसलेले अनेक उद्योग मंदावले. इंग्रज अधिकाऱ्यांची वस्ती आणि लष्करी छावणी शहराच्या पूर्वेस वाढत गेली. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यास असे. जुन्या पेठा, पेशव्यांचे वाडे आणि देवस्थाने यांचा सांभाळ मात्र जुन्या व्यवस्थेच्या उरलेल्या अवशेषांवर आणि सरकारने चालू ठेवलेल्या नेमणुकांवर अवलंबून होता. बुधवार वाड्यात सरकारी कचेऱ्या आल्या. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली.

१८५७ च्या सुमारास पुण्यात नगरपालिका आली, परंतु तिचे सभासद सरकारनियुक्त असत. शहरातील रस्ते, पाणी, कर किंवा सार्वजनिक मालमत्ता यांविषयी रहिवाशांना बोलायचे असल्यास तसे बोलण्याचा मान्य मार्ग नव्हता. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आदींनी १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन केली होती, पण तिचे कार्यक्षेत्र व सभासद प्रामुख्याने मुंबईचे होते. दख्खनच्या पठारावरील गावांची दखल घेणारी आणि पुण्यात बैठक असलेली प्रभावी संस्था १८७० पूर्वी उभी राहू शकली नव्हती.

प्रारंभिक जीवन

जोशी यांचा जन्म सातारा येथे झाला. त्यांचे बालपण छत्रपतींच्या सातारा राज्यात गेले. ते विशीत असतानाच, १८४८ मध्ये, गव्हर्नर जनरल डलहौसीच्या धोरणानुसार सातारचे राज्य खालसा करण्यात आले. जोशी तरुणपणीच पुण्यास आले. तेथे त्यांनी न्यायखात्यात नाझर कचेरीत नोकरी केली. वादी-प्रतिवादी, जप्ती, हुकूमनामे आणि दस्तऐवज यांचा रोजचा व्यवहार त्यांनी या नोकरीत जवळून पाहिला. पुढे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी पुण्यात वकिली सुरू केली.

कायद्याच्या कामातील हा अनुभव त्यांच्या सार्वजनिक कार्यात पदोपदी दिसतो. एखाद्या प्रश्नावर नुसती नाराजी व्यक्त करण्यापेक्षा कागदपत्रे जमवणे, अधिकार सिद्ध करणे, सह्या घेणे आणि रीतसर अर्ज करणे यांवर त्यांचा भर असे.

पर्वती संस्थानाचा प्रश्न

पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या पर्वती टेकडीवरील देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले. पेशवाईच्या अखेरीनंतरही संस्थानाला सरकारकडून नेमणूक मिळत राहिली आणि त्याचा कारभार पंचांकडे सोपवलेला होता. या कारभाराविषयी १८७० च्या आधीच्या काळात शहरात असंतोष वाढू लागला. पर्वती हे केवळ एक देवस्थान नव्हते. गेलेल्या राज्याची ती एक उरलेली खूण होती. तिच्या उत्पन्नाचा विनियोग कसा होतो हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, असे पुणेकरांना वाटत होते.

अडचण अशी होती की, तक्रार करणाऱ्या एकेका गृहस्थाला कायदेशीर स्थान नव्हते. पंच नेमलेले होते, तर तक्रारदार स्वयंघोषित होते. पंचांना किंवा सरकारला जाब विचारायचा तर विचारणारा कोणाच्या वतीने बोलतो हे दाखवता आले पाहिजे, हा मुद्दा पुढे आला. त्यावर उपाय म्हणून शहरातील रहिवाशांनी आपल्या वतीने बोलण्यासाठी माणसे निवडून त्यांना लेखी अधिकार द्यावा, असा विचार मांडला गेला. वकील असलेल्या जोशींनी या विचाराला संस्थेचे रूप दिले.

पुणे सार्वजनिक सभेची स्थापना

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. औंधचे पंतप्रतिनिधी हे तिचे पहिले अध्यक्ष होते. संस्थानिक, सरदार, इनामदार, सावकार, व्यापारी, वकील, शिक्षक आणि निवृत्त सरकारी नोकर अशा वर्गांतील मंडळी सभेत सामील झाली. रोजच्या कामाची धुरा मात्र जोशी व त्यांचे सहकारी यांनी वाहिली. पुढील काळात सीताराम हरी चिपळूणकर, शिवराम हरी साठे आदींनी सभेच्या चिटणीसपदाचे काम पाहिले.

सभेच्या घटनेनुसार, सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० प्रौढ व्यक्तींनी सह्या केलेले मुखत्यारपत्र सादर करावे लागे. सह्या करणारे कोणत्याही जातीचे वा धर्माचे असू शकत. स्थापनेच्या वेळी ९५ सभासदांनी सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे आणली होती. इंग्रजी राज्यात कायदेमंडळावर निवडून जाण्याची सोय हिंदी लोकांना नव्हती आणि पुण्याच्या नगरपालिकेतही निवडणूक नव्हती. अशा काळात एका खासगी संस्थेने प्रतिनिधित्वाची ही पद्धत स्वतःहून स्वीकारली.

या नियमाचा व्यावहारिक परिणाम मोठा होता. मुखत्यारपत्र घेण्यासाठी सभासदाला आळीत, पेठेत, बाजारात जाऊन लोकांना सभेचा हेतू समजावून सांगावा लागे. सही करणाऱ्यालाही आपण कोणाला काय अधिकार देत आहोत हे कळत असे. वकीलपत्राची कल्पना कोर्टकचेरीमुळे लोकांच्या परिचयाची होती. जोशींनी हीच परिचित पद्धत सार्वजनिक प्रश्नांना लावली. सरकारकडे जाणाऱ्या अर्जावर मूठभर शिक्षितांचे मत म्हणून शेरा मारणे त्यामुळे अवघड झाले.

पर्वतीचा प्रश्न हाताळत असतानाच सभेकडे इतर गाऱ्हाणी येऊ लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास बदलून आले आणि सभेच्या कामाला व्यापक वैचारिक बैठक मिळाली. सरकारी नोकर असल्याने रानडे सभेचे पदाधिकारी नव्हते, पण सभेच्या अनेक निवेदनांमागे त्यांचा अभ्यास होता. जोशी लोकांत हिंडून माणसे व माहिती जमवीत आणि रानडे त्या माहितीची मांडणी करीत, असे दोघांच्या कामाचे स्थूल स्वरूप होते. दख्खनमधील इतर गावांतही अशा सभा निघाव्यात यासाठी जोशींनी प्रवास केला.

स्वदेशीचे व्रत

१८७२ मध्ये जोशींनी देशी हातसुताचेच कपडे वापरण्याची प्रतिज्ञा केली आणि ती अखेरपर्यंत पाळली. ते स्वतः सूत कातत. त्या काळी मँचेस्टरचे गिरणी कापड गावोगावच्या बाजारात पोहोचले होते आणि विणकर, साळी, कोष्टी यांचा धंदा बसत चालला होता. रानडे यांनी पुण्यातील व्याख्यानांतून देशाच्या आर्थिक अवनतीची कारणे मांडली. जोशींनी त्या विचाराला रोजच्या आचरणाची जोड दिली.

केवळ कापडापुरता हा विचार मर्यादित नव्हता. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या यांसारख्या रोजच्या वापरातील वस्तू देशात तयार व्हाव्यात यासाठी त्यांनी कारागिरांना व व्यापाऱ्यांना उत्तेजन दिले. देशी माल विकणारी दुकाने निघावीत म्हणून त्यांनी खटपट केली व त्यासाठी स्वतःच्या खिशाला तोशीस लावून घेतली. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये स्वदेशीची चळवळ देशभर पसरली. महाराष्ट्रात तिची पूर्वपीठिका सांगताना जोशींच्या या प्रयत्नांचा उल्लेख प्रथम केला जातो.

सरस्वतीबाई जोशी आणि स्त्री विचारवती सभा

जोशी यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्री विचारवती सभा ही स्त्रियांची संस्था सुरू केली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रियांनी एकत्र यावे आणि त्या समारंभाला जातीची अट नसावी, असा तिचा उपक्रम होता. घराबाहेरच्या सभेला स्त्रियांनी जाणे त्या काळी सहज नव्हते. परिचित धार्मिक-सामाजिक रिवाजाचा आधार घेतल्याने हे एकत्र येणे शक्य झाले.

शेतकऱ्यांची स्थिती आणि शिरूर–भीमथडी भागातील असंतोष

सभेच्या कार्याचा मोठा भाग ग्रामीण भागाशी निगडित होता. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. पुण्याहून अहमदनगरकडे जाणारा रस्ता कोरेगाव भीमा, शिक्रापूर, शिरूर (घोडनदी) या गावांवरून जातो. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गावे, तसेच दक्षिणेकडील भीमथडी तालुका (ज्यात आजच्या दौंड व बारामती भागांतील गावे येत) यांची शेती पावसाच्या भरवशावर होती. रयतवारी पद्धतीच्या पहिल्या मोजणीची ३० वर्षांची मुदत १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संपू लागली आणि फेरआकारणीत सारा मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आला. इंदापूर तालुक्यात ही वाढ ५० टक्क्यांहून अधिक होती.

नेमक्या याच काळात कापसाचा भाव कोसळला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत हिंदी कापसाला मोठी मागणी आली होती आणि सावकार सढळ हाताने कर्ज देत होते. युद्ध संपताच मागणी घटली, सावकारांनी कर्ज देणे आखडते घेतले आणि जुन्या कर्जांची वसुली सुरू केली. दिवाणी न्यायालयांत शेतकऱ्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामे होत. निरक्षर कुळाने अंगठा केलेल्या खतात काय लिहिले आहे हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसे.

सार्वजनिक सभेने १८७२–७३ मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि गावोगावची माहिती गोळा केली. वाढवलेला सारा हे दारिद्र्याचे एक मुख्य कारण आहे, असे सभेने सरकारला सादर केलेल्या निवेदनांत मांडले. साऱ्याविषयीच्या तक्रारी अनेक बाजूंनी आल्यावर सरकारने १८७४ मध्ये वाढीला मर्यादा घातल्या. त्यानुसार गावांच्या गटासाठी ३३ टक्के, एका गावासाठी ६६ टक्के आणि एका खातेदारासाठी १०० टक्के यांपेक्षा अधिक वाढ करता येणार नव्हती.

असंतोष मात्र शमला नाही. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका सावकाराने गावच्या देशमुखाच्या घरावर व जमिनीवर हुकूमनामा मिळवला. त्यानंतर गावकऱ्यांनी सावकारांवर सामाजिक बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कोणी राबेना, न्हावी हजामत करीना, पाणी भरण्यास माणूस मिळेना. बहिष्काराचे हे लोण आसपासच्या गावांत पसरले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला करून कर्जखते व वह्या ताब्यात घेतल्या आणि जाळल्या. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत असे प्रकार घडले. बहुतेक ठिकाणी जमावाचा रोख कागदपत्रांवर होता व शारीरिक हिंसा तुलनेने कमी झाली. इतिहासात ही घटना दख्खनचे दंगे या नावाने ओळखली जाते.

सरकारने नेमलेल्या आयोगाने सावकारी कर्ज आणि दिवाणी कायदा यांवर मुख्य ठपका ठेवला व सारावाढीला दुय्यम स्थान दिले. सभेचे मत याच्या उलट होते. तिच्या मते सावकार हा रोगाचा एक भाग होता, मूळ कारण जमीनमहसुलाचे धोरण होते. सभेच्या सभासदांत सावकार व इनामदार असल्याने तिने सावकारीवर पुरेसा प्रहार केला नाही, अशीही टीका झाली आहे.

लवाद कोर्ट

कोर्टाचा खर्च, हेलपाटे आणि वकिलांची फी यांत कर्जाहून मोठी रक्कम जाते, हे जोशी स्वतः वकील असल्याने जाणत होते. वाद तडजोडीने मिटवण्यासाठी १८७६ च्या सुमारास पुण्यात लवाद कोर्ट सुरू झाले. त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. दोन्ही पक्षांच्या संमतीने पंचांपुढे वाद ठेवायचा आणि पंचांचा निवाडा उभयतांनी मानायचा, अशी ही व्यवस्था होती. जुन्या गोतसभा व पंचायती यांचा अनुभव लोकांच्या स्मरणात असल्याने ही पद्धत त्यांना परकी वाटली नाही.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. तो पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांना लागू होता. दावा दाखल करण्यापूर्वी तडजोड घडवून आणणारे सलोखेदार आणि गावपातळीवरील मुन्सफ यांची तरतूद त्यात होती. लवाद कोर्टामागील विचार आणि या तरतुदी यांत साम्य आढळते.

१८७६–७८ चा दुष्काळ

१८७६ मध्ये पाऊस फसला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहमदनगर, सातारा आणि कर्नाटकातील लगतचे जिल्हे यांना त्याची सर्वाधिक झळ बसली. सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून पिके, धान्याचे भाव, जनावरांची स्थिती, दुष्काळी कामांवरील मजुरी आणि मृत्यू यांची माहिती मागवली. ही माहिती सभेने वेळोवेळी मुंबई सरकारला कळवली आणि वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवली.

१८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार दुष्काळी कामांवरील मजुरीत कपात झाली. दिवसाचे एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रक्कम, एवढ्यावर मजुराने खडी फोडावी अशी अपेक्षा होती. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले. सभेने कपातीविरुद्ध सरकारकडे निवेदने पाठवली आणि एवढ्या अन्नावर कष्टाचे काम होऊ शकत नाही, हे आकड्यांनिशी मांडले. दौंड–मनमाड हा लोहमार्ग याच काळात बांधला जाऊन १८७८ मध्ये सुरू झाला.

या अनुभवातून नियमित व लेखी स्वरूपात माहिती प्रसिद्ध करण्याची गरज स्पष्ट झाली. १८७८ मध्ये सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला. सभेने त्याला विरोध केला.

दिल्ली दरबार

१ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा केली. दख्खनमध्ये दुष्काळ असताना हा समारंभ मोठ्या थाटाने साजरा झाला. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून जोशी दिल्लीस गेले. जरीच्या पोशाखातील राजेरजवाड्यांच्या त्या मेळ्यात ते पांढऱ्या खादीच्या साध्या वेशात उपस्थित राहिले. सभेतर्फे सादर केलेल्या मानपत्रात राणीचा गौरव होता. त्याबरोबरच ब्रिटिश प्रजेला असलेला राजकीय व सामाजिक दर्जा हिंदी प्रजेलाही मिळावा, अशी मागणी होती. राजनिष्ठेच्या चौकटीत राहून समान हक्क मागणे ही त्या पिढीच्या राजकारणाची रीत होती. जोशींचे दिल्लीतील वर्तन तिचे ठळक उदाहरण ठरले.

वासुदेव बळवंत फडके यांचा खटला

पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणारे वासुदेव बळवंत फडके यांनी रानडे यांची व्याख्याने ऐकली होती व स्वदेशीच्या विचाराचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. दुष्काळात लोकांची झालेली दैना पाहून त्यांनी सशस्त्र बंडाचा मार्ग पत्करला. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी रामोशी साथीदारांसह शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला छापा घातला. चार वर्षांपूर्वी कर्डे येथे बहिष्कार झाला तो हाच तालुका होय.

१३ मे १८७९ च्या रात्री पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. बुधवार वाडा नष्ट झाला आणि विश्रामबाग वाड्याचा काही भाग जळाला. पेशवेकालीन पुण्याच्या वास्तूंची ही मोठी हानी होती. आगींचा संशय फडके यांच्या बंडाशी जोडला गेला आणि पुण्यातील शिक्षित वर्गाकडे, विशेषतः ब्राह्मणांकडे, सरकार संशयाने पाहू लागले. रानडे यांची याच सुमारास धुळ्यास बदली झाली.

जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला चालला. अशा वातावरणात त्यांचे वकीलपत्र घेणे जोखमीचे होते. जोशींची सभा अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने चालणारी होती आणि बंडाचा मार्ग तिने स्वीकारलेला नव्हता. तरीही जोशींनी फडके यांच्या बचावाचे काम पत्करले. आरोपीला बाजू मांडणारा वकील मिळालाच पाहिजे, या तत्त्वाशी ही कृती सुसंगत होती. न्यायालयाने फडके यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्यांना एडनला पाठवण्यात आले व तेथे १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

मृत्यू

फडके खटल्यानंतर काही महिन्यांतच, २५ जुलै १८८० रोजी, जोशी यांचे पुण्यात निधन झाले. त्या वेळी ते बावन्न वर्षांच्या आसपास होते. सार्वजनिक सभेच्या पहिल्या दशकाचा इतिहास त्यांच्या चरित्राशी जवळपास एकरूप आहे.

मर्यादा आणि टीका

सभेचे नाव सार्वजनिक असले तरी तिच्या कार्यकारी मंडळींत ब्राह्मण व वरिष्ठ वर्गांचे प्राबल्य होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यातच सत्यशोधक समाजाची स्थापना केली. शूद्रातिशूद्र शेतकऱ्यांना ज्या सभेत स्थान नाही तिने स्वतःला सार्वजनिक म्हणवून घ्यावे काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या लेखनातून उपस्थित केला. शेतकऱ्याच्या दुःस्थितीला परकी राज्याचा महसूल जितका जबाबदार आहे तितकीच गावपातळीवरची ब्राह्मण नोकरशाही व धार्मिक पिळवणूकही जबाबदार आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दख्खनच्या दंग्यांविषयी सरकारी आयोग, सार्वजनिक सभा आणि फुले यांनी तीन निरनिराळी कारणे पुढे केली. त्या काळाचा अभ्यास करताना या तिन्ही भूमिका एकत्र पाहाव्या लागतात.

मुखत्यारपत्राच्या नियमातही ही मर्यादा दिसते. सही कोणत्याही जातीच्या माणसाची चालत असे, परंतु त्या सह्या घेऊन सभेत बसणारा माणूस बहुधा शिक्षित, सधन व वरिष्ठ जातीचा असे. अधिकार देणारे आणि अधिकार घेणारे यांच्यातील हे अंतर सभेच्या काळात बुजले नाही.

वारसा

जोशींच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि त्यानंतर पुणे नगरपालिकेत लोकनियुक्त सभासद येऊ लागले. प्रतिनिधी निवडण्याची जी सवय सभेने खासगी पातळीवर लावली होती, तिला कायद्याचे स्वरूप मिळण्यास अशी सुरुवात झाली. डिसेंबर १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरवण्याचे ठरले होते व त्याच्या तयारीत सार्वजनिक सभेचा पुढाकार होता. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले.

१८९५ मध्ये सार्वजनिक सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे गेली आणि १८९६ मध्ये रानडे, गोखले आदींनी डेक्कन सभा स्थापन केली. १८९६–९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना दुष्काळी नियमांतील त्यांचे हक्क समजावून दिले. दोन दशकांपूर्वी जोशींच्या काळात सुरू झालेल्या कामाचीच ही पुढची पायरी होती. त्या कामामुळे नाराज झालेल्या सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली, तरी संस्था टिकून राहिली.

एका देवस्थानाचा हिशेब विचारण्याच्या निमित्ताने जोशींनी जी पद्धत घडवली तिचे तीन घटक होते : सार्वजनिक मालमत्तेचा कारभार लोकांना उत्तरदायी असावा, लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने त्यांची संमती मिळवावी, आणि गाऱ्हाणे मांडण्यापूर्वी त्याची माहिती प्रत्यक्ष जाऊन गोळा करावी. पर्वतीच्या पायऱ्यांपासून शिरूर–भीमथडीच्या शिवारापर्यंत आणि तेथून दिल्ली दरबारापर्यंत त्यांच्या दहा वर्षांच्या कार्यात हेच घटक आढळतात. महाराष्ट्रातील नागरी संघटनांच्या इतिहासात त्यांचे स्थान त्यामुळे पायाभूत मानले जाते.